वाचकांचे प्रश्न : मामांची डबल बार आणि लग्नाची वरात

प्रश्न : पुतणीचं लग्न नाशकात गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर आहे. नवरीच्या मामांकडे मळ्यात डुकरं येतात म्हणून घेतलेली लायसनची डबल बार (दोन नळ्यांची बाराबोर बंदूक) आहे, एका पाहुण्याकडे पिस्तूल. नवरदेव आला की दोन-दोन बार उडवायचे ठरलंय, आकाशातच तर मारायचेत म्हणे. मी नको म्हटलं तर ‘तुम्ही लई घाबरता’. काय सांगू?
— एक काका, मखमलाबाद

उत्तर : काका, घाबरताय ते बरोबरच आहे. सरळ वर मारलेली गोळी खाली येताना हवेमुळे बरीच मंदावते, साधारण सेकंदाला 60 ते 90 मीटर, पण तेवढ्यातही कातडी फाटते आणि खाली सगळ्यांची डोकीच असतात ना. आणि नाचत्या वरातीत, कोणीतरी खांद्यावर हात टाकलेला असताना पिस्तूल सरळ वर राहतंय थोडीच? तिरकी सुटली की वेग टिकतो, दीडेक किलोमीटर जाते, म्हणजे गोदावरी ओलांडून पलीकडच्या मळ्यात कोणालातरी लागेल आणि त्याला कळणारही नाही कुठून आली. पोर्टो रिकोत 2003 च्या 31 डिसेंबरच्या रात्री अशा हवेतल्या गोळ्यांनी 19 जण जखमी झाले, एक मेला.

मामांच्या बाराबोरचं वेगळं आहे. बारीक छर्रा वरून पडला तर फार लागत नाही, खरी भीती जवळची, एक बार उडतो, दुसरी नळी भरलेलीच, मामा वळून फोटोला उभे राहतात आणि मागून धक्का बसतो. नुसत्या आवाजाचं काडतूस आणू म्हणतील, त्याचाही भपका जवळच्याला जखम करतो.

तरी ऐकलं नाही तर कायदा सांगा. 2019 च्या दुरुस्तीपासून शस्त्र कायद्यात लग्नातला गोळीबार नाव घेऊन लिहिलाय : दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार उडवला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, कोणाला लागलं नाही तरी. लायसन जाऊ शकतं ते वेगळंच, मग डुकरं कोण हाकलणार?

आणि आवाजच पाहिजे तर अहो, नाशकात राहून बंदूक कशाला! आपला ढोल अख्ख्या देशात ‘नाशिक ढोल’ म्हणून वाजतो. पथक सांगा, सोबत ताशा, मांडवात संबळ, एंट्रीला तुतारी. पोलिसांची परवानगी आधी काढा, रात्री 10 च्या आत संपवा, तान्ह्या बाळांना आणि आजोबांना ढोलाच्या तोंडापुढे बसवू नका. ‘कोल्ड पायरो’ म्हणजे ती ठिणग्यांची कारंजी, नावालाच कोल्ड, शालू-पदर लांबच ठेवा.

प्रश्न : मुलगा पाइपची कार्बाइड गन मागतोय. त्यात गोळी नसते, मग चालेल ना?
— एक आई, सिडको

उत्तर : ताई, अजिबात नको. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन गॅस होतो, लायटरच्या ठिणगीनं तो पेटतो, कधी प्लॅस्टिकचा पाइपच फुटतो. बार उडाला नाही की पोरं हमखास नळीत डोकावतात आणि नेमका तेव्हाच भडका होतो. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी पोरांचे डोळे यानंच गेले-बिघडले. कधी डोळ्यात उडालंच तर चोळू देऊ नका, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली 15-20 मिनिटं धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, घरचे थेंब टाकत बसू नका. त्याला हलगी घेऊन द्या, शेजारी ओरडतील तेवढं सोसा.