टीएनएफ चांगलं का वाईट, हे परत विचारू नको

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. मावशीला सांधेवातासाठी टीएनएफ (शरीरातलं सूज आणणारं एक प्रोटीन) अडवणारं इंजेक्शन सुरू करायलेत, आधी टीबीची तपासणी करा म्हणाले, आणि पुस्तकात तर टीएनएफ गाठ मारतं असं लिहिलंय, मग ते अडवलं तर मावशीला कॅन्सर होईल का म्हणून तू घाबरलीस. सांधेवाताच्या पेशंटमधे एकूण कॅन्सर वाढल्याचं ठोस काही दिसलेलं नाही, त्वचेच्या काही कॅन्सरबद्दल शंका आहे, ते डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. टीबीची तपासणी मात्र टाळू नका. 2001 मधे असल्याच एका औषधानंतर टीबी झालेल्या 70 पेशंटची नोंद छापून आली, त्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या दोन-तीन डोसातच झाला.

आता तुझ्यावर चिडतो. चांगलं का वाईट हा प्रश्नच कशाला विचारायलीस? लातूर पॅटर्ननं तुला चार पर्यायातून एक काळा करायला शिकवलं, मान्य, पण आता तू एमएस्सीला आहेस. कुठं, कधी, किती, एवढंच विचार. पेरणीला पाऊस पाहिजे आणि काढून टाकलेल्या सोयाबीनवर नको, हे तुझ्या घरी कुणाला समजावून सांगावं लागतं का?

फुफ्फुसात टीबीचे जंतू मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशीच्या, पोटात असतात आणि भोवती पेशींचं कडं, तो ग्रॅन्युलोमा. टीएनएफ कमी पडलं की कडं ढिलं होतं, जंतू वाढतात. जास्त झालं तर? ललिता रामकृष्णन यांच्या लॅबनं 2013 मधे झेब्राफिशवर दाखवलं, टीएनएफ अती झालं की मॅक्रोफेजच फुटतो आणि जंतू बाहेर मोकाट वाढतात. प्रोटीन तेच, जंतूंचं कुळ तेच, मग सांग चांगलं का वाईट? कॅन्सरमधे पण तेच. 1975 ला उंदरांच्या गाठी सडवल्या म्हणून त्याचा गाजावाजा झाला, माणसाच्या अख्ख्या शरीरात दिलं तर बीपी कोसळायला लागलं, आणि 1999 मधे टीएनएफ नसलेल्या उंदरांना त्वचेच्या गाठी उलट कमी झाल्या. किती, कुठं, कधी!

इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे टी पेशी (शरीराच्या पहारेकरी पेशी) सोडतात ते प्रोटीन, त्याचं बघ. गाठीच्या पेशी त्याच्यामुळं टी पेशींना ओळखू यायला लागतात, आणि त्याच्याचमुळं त्या पेशी पीडी-एल१ नावाचं प्रोटीन अंगावर चढवून टी पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक दाबतात आणि त्यांना गप्प करतात. मग पीडी-१ अडवलं की काही कॅन्सर आटोक्यात येतात, टी पेशींचे असले ब्रेक सोडवण्याच्या कामासाठीच होन्जो (पीडी-१) आणि ॲलिसन (सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक) यांना 2018 चं नोबेल मिळालं. पण पीडी-१ नसलेल्या उंदरांना टीबी दिला तर ते लवकर मरतात, टी पेशी जोरात असून.

एका पेपरात मी हाच हट्ट धरला होता. टीएनएफवर चार पर्याय होते, कीमधे एकच बरोबर, मी दोन पर्यायांना मार्क द्या म्हणून अडून बसलो. पुढं पेपर काढायला माझं नाव कधी आलंच नाही. बायको अजून विचारते काय मिळालं, काय मिळणार, पुण्याला रिसर्चला जायचं राहिलं त्याची खंत आहे, ह्याची नाही, त्या दिवशी दुसरं काही करणं मला जमलं नसतं आणि करायलाही नको होतं.

तुझ्या प्रेझेंटेशनमधला 'फायदे-तोटे' तक्ता काढून टाक. प्रत्येक प्रोटीनपुढं पेशी कोणती, आजाराचा कितवा टप्पा, प्रमाण किती, एवढे रकाने कर आणि जिथं भरता येत नाही तिथं रिकामा ठेव, उगं काहीतरी ठोकू नको. सोमवारच्या आत पाठव, मी लाल पेन घेऊन बसतो.

— सर