‘तब्येत कशी आहे?’ – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईचे वय 74 आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही ‘आता माझी तब्येत बरी राहत नाही’ असे ती सारखे म्हणते. हे कितपत मनावर घ्यावे?

उत्तर : पूर्णपणे मनावर घ्यावे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात 1971 साली 65 वर्षांवरील तीन हजारांहून अधिक लोकांना, तुमच्या वयाच्या मानाने तुमची प्रकृती कशी आहे, एवढेच विचारले होते. ‘वाईट’ म्हणणाऱ्यांना पुढील काही वर्षांत मृत्यूचा धोका ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळला, आणि वय, लिंग व नोंदवलेले आजार हिशेबात घेऊनही हा फरक टिकून राहिला. रक्ताच्या तपासणीत न दिसणारे पुष्कळ काही माणसाला आतून कळत असते: जिना चढताना लागणारा दम, मंदावलेली भूक, तुटक झोप. माझ्याकडे आलेल्या एका आजींची तक्रार ‘अंगात त्राण नाही’ इतकीच होती. पण त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या आणि त्यांचे घटलेले वजन घरात कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. म्हणून आईंना ‘काही झालेले नाही’ असे सांगू नका. गेल्या सहा महिन्यांत काय बदलले ते विचारा आणि तेच डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : परदेशातील हे निष्कर्ष आपल्याकडे लागू पडतात का?

उत्तर : बऱ्याच अंशी पडतात. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात पन्नाशीपुढील ग्रामस्थांच्या पाहणीतही हा संबंध दिसला, आणि तो स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये अधिक ठळक होता. मात्र दोन प्रदेशांची तुलना अशा उत्तरांवरून करू नये. आयुर्मानात पुढे असलेल्या केरळात आजारपणाच्या तक्रारी बिहारपेक्षा जास्त नोंदल्या जातात, याकडे अमर्त्य सेन यांनी 2002 मध्ये लक्ष वेधले होते. जिथे शिक्षण आणि दवाखाना जवळ असतो, तिथे दुखणे हे दुखणे म्हणून ओळखले जाते. जिथे ते नसते, तिथे गुडघेदुखी म्हातारपणाच्या खाती जमा होते.

प्रश्न : वडील ‘मला काय धाड भरली आहे?’ म्हणत रक्तदाबाची गोळी टाळतात.

उत्तर : गोळी चुकवू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. तो यंत्रानेच मोजावा लागतो.

प्रश्न : मी 69 वर्षांची असून माझी प्रकृती ‘वाईट’ असेच मी सांगेन. म्हणजे माझे दिवस भरत आले का?

उत्तर : नाही, ताई. हे आकडे समूहाचे आहेत. ‘वाईट’ म्हणणारे कितीतरी जण पुढे अनेक वर्षे जगले. तुमच्या उत्तराने आयुष्य कमी होत नाही, आणि उसने अवसान आणून ‘छान’ म्हटल्याने ते वाढतही नाही. पण असे उत्तर मनात येण्यामागे उदासीनता, ऐकू कमी येणे, पडण्याची भीती किंवा एकाच वेळी चाललेली अनेक औषधे असू शकतात, आणि या चारही गोष्टींवर उपाय करता येतो. पुढच्या भेटीला जाताना घरातील सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि ‘वाईट’ म्हणजे नेमके काय, हे तुमच्याच शब्दांत डॉक्टरांना सांगा.