छत्री लहान करायची घाई

प्रश्न : ताई, मी कोथरूडचा, नोकरीमुळे फिनिक्सला असतो. दोन वर्षांत स्कायडायव्हिंगच्या १४० उड्या झाल्या, बी (दुसऱ्या पायरीचं) लायसन्स आहे. वजन ७४ किलो. रिग (पाठीवरचा पॅराशूटचा संच), हेल्मेट, बूट धरून ८६. सध्या १९० चौरस फुटांची कॅनपी, म्हणजे पॅराशूटची छत्री, भाड्याने घेतो. मी खाली येईपर्यंत बाकीचे पॅकिंगला बसलेले असतात आणि माझ्या कॅनपीला 'स्कूल बस' म्हणून हसतात. एक मित्र त्याची १५०ची अख्खी रिग ३,२०० डॉलरला देतोय, रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, १४३चं. जूनमध्ये घ्यावी असा विचार आहे. लँडिंग बहुतेक वेळा उभ्यानेच होतं. आईला सांगून ठेवलंय की पॅराशूट उघडलं की धोका संपला. घेऊ का?

उत्तर : नको घेऊस. ताई म्हणालास म्हणून एकेरीत सांगते.

आधी तुझ्या आईचं बघू. आपल्याकडच्या आयांना स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात, २०१८ची ती थायलंडमधली नऊवारीतली उडी आठवते, आणि पुढचा प्रश्न ठरलेला : छत्री उघडलीच नाही तर? खरं दुखणं निराळंच आहे. या खेळात गेल्या काही दशकांत जे जायबंदी झाले किंवा गेले, त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यावर छान उघडलेली, धडधाकट कॅनपी होती. घात झाला तो जमिनीजवळ, स्वतःच्याच हाताने घेतलेल्या वळणात. तू आईला सांगितलंस ते तिच्यासाठी ठीक आहे रे. स्वतः त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आता हिशोब. तुझे ८६ किलो म्हणजे १९० पौंड. १९०च्या कॅनपीवर दर चौरस फुटाला एक पौंड भार पडतो, म्हणजे विंग लोडिंग १. तेच १७०वर १.१२ होतं आणि १५०वर १.२६. १९०वरून १५०वर आलास की वेग बारा-तेरा टक्क्यांनी वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपटलास तर हाडांना सोसावा लागणारा जोर सव्वापट होतो. जुनी मंडळी एक ढोबळ मोजमाप सांगतात : सुरुवातीला १, पुढे दर शंभर उड्यांमागे ०.१. तुझ्या १४० उड्यांना १७० जेमतेम बसते. १५०ला अजून सव्वाशे उड्या तरी हव्यात.

आणि तू ही रिग घेणार कधी, तर जूनमध्ये! अ‍ॅरिझोनातला उन्हाळा तुला मी सांगायला नको. एलॉय, फिनिक्सजवळचं आपलं उड्यांचं ठिकाण, समुद्रसपाटीपासून दीडएक हजार फुटांवर आहे, पण जुलैच्या दुपारी ४३ अंशाला तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. विरळ हवेत कॅनपी जोरात पळते. तुझी आत्ताचीच १९०ची त्या दुपारी साधारण १६५सारखी वागते, मित्राची १५०ची तर १३०सारखी. एक पैसा खर्च न करता तू दर उन्हाळ्यात एक पायरी उतरतोसच.

माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी हे एवढं ताणून का बोलते ते कळेल. २१२वी उडी. मी १५०वर होते. स्वस्तात मिळाली म्हणून १२०ची रिग घेतली, मधली १३५ गाळली. माझंही लँडिंग उभ्यानेच व्हायचं, त्याच त्या हिरवळीवर, वारा समोरून घेऊन. त्या दिवशी विमानातून उशिरा निघालो, हिरवळ गाठता येणार नव्हती, खाली कापसाचं शेत होतं. शेत बघून मी निर्धास्त झाले. शंभरेक फुटांवर असताना समोर तारेचं कुंपण दिसलं. तारा नाही दिसत वरून, खांब दिसतात, तेही आयत्या वेळी. उजवा टॉगल (कॅनपी वळवायच्या दोरीची मूठ) खस्सकन मांडीपर्यंत ओढला. कॅनपी वळली, पण वळताना तिने नाक खाली घातलं, मी बाहेर फेकले गेले आणि ती पुन्हा डोक्यावर यायच्या आत जमीन आली. तोंडात माती, हातात टॉगल तसाच. बूट कात्रीने कापून काढला. पायात आजही एक पट्टी आणि सात स्क्रू आहेत. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, बर्फावरून घसरले. ती म्हणाली, "अगं, वाळवंटात?"

१५०वर असते तर? हात तोच चुकला असता, पण कदाचित मुरगळण्यावर भागलं असतं. मोठी कॅनपी चूक पोटात घालते.

म्हणून तू उभ्याने उतरतोस की बसून, हे मी विचारणार नाही. कुंपण दिसल्यावर तुझा हात काय करेल, ते विचारेन. हाताला फ्लॅट टर्न माहीत हवा : दोन्ही टॉगल छातीपर्यंत खाली, मग डावा जरासा वर सोडायचा. कॅनपी उजवीकडे वळते, पण नाक खाली घालत नाही. हे पाच हजार फुटांवरून उतरून, लगेच कॅनपी उघडून, वरच शिकायचं. एकदा पूर्ण टॉगलने नव्वद अंश वळ, एकदा असं वळ, आणि दोन्ही वेळा अल्टिमीटरवर किती फूट गेले ते बघ. आकडे लॉगबुकात लिही. शंभर वेळा सांगून पटत नाही ते त्या दोन आकड्यांनी पटतं. मग फ्लेअर (टेकण्याआधी दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं) अर्धा झालेला असताना थोडं वळता येतं का, आडव्या वाऱ्यात आणि अजिबात वारा नसताना उतरता येतं का, टॉगलची दोरी तुटली असं धरून मागच्या रायझरने (खांद्यापासून दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्याने) फ्लेअर करता येतो का (हे उंचावरच!), ते बघ. लॉगबुकातल्या मागच्या वीस उड्या काढ आणि ठरवलेल्या जागेपासून किती पावलांवर उतरलास ते आठव. आठवत नसेल तर पुढच्या वीसला लिहायला लाग. १९०वर हे सगळं जमेल तेव्हा १७० भाड्याने घे. दुकानात मिळते, कंपन्याही वापरून बघायला कॅनपी पाठवतात. पहिल्या काही उड्या गर्दी नसताना, उंचावरून उघडून.

मित्राच्या रिगमधल्या ज्या गोष्टीकडे तुझं लक्षच गेलेलं नाही ती म्हणजे रिझर्व्ह. १४३वर तुझा भार १.३३ होतो. रिझर्व्ह माणूस हौसेने उघडत नाही. मुख्य कॅनपी बिघडली म्हणून सोडून दिलेली, उंची गेलेली, जागा अनोळखी, कधी शुद्ध नसताना यंत्राने उघडलेलं. सगळ्यात वाईट दिवशी हातात सगळ्यात लहान छत्री? लोक मुख्य कॅनपीचा महिनाभर काथ्याकूट करतात आणि रिझर्व्ह पिशवीत मावेल ते घेतात.

'स्कूल बस'चं म्हणशील तर मी सातारची आहे, एसटीची टिंगल ऐकून घेत नाही. उशिरा उतरल्याने तुझं एकच नुकसान होतं, पॅकिंगला सावलीतली जागा मिळत नाही.

प्रश्न : मी ऑस्ट्रेलियात असते. वजन ४८ किलो, रिगसह ६०. ९० उड्या झाल्या. १५०वर माझं विंग लोडिंग ०.८८च भरतं, वाऱ्यात मागे मागे जाते. १२०वर ते १.१ होईल, तरी इन्स्ट्रक्टर नाही म्हणतात. मुलगी म्हणून का?

उत्तर : तसं वागणारेही भेटतात, पण इथे ते बरोबर आहेत. विंग लोडिंगचा आकडा लहानखुऱ्या माणसाला फसवतो. कॅनपी लहान झाली की दोऱ्याही आखूड होतात, आणि आखूड दोरीचा झोका झटकन जातो. १.१ भाराची १२० ही १.१ भाराच्या १९०पेक्षा कितीतरी चटकन वळते आणि चटकन नाक खाली घालते. १३५ घे, ०.९८ होईल, एक पूर्ण मोसम तीच वापर. वाऱ्याचं म्हणशील, तर ज्या वाऱ्यात तू मागे जातेस त्या वाऱ्यात बाकावर बसायचं. मी डबा नेते, तिखटमिठाच्या पुऱ्या. वारा पडेपर्यंत पुरतात.