जनरेटरची ट्रॉली ओढायला जुनी स्कॉर्पिओ घ्यावी की बोलेरो?

प्रश्न : काका, मी खानापूर तालुक्यातला. लग्नसराईत मंडपवाल्यांना जनरेटर भाड्यानं देतो. तो दोनचाकी ट्रॉलीवर बसवलाय. डिझेल आणि केबलसकट काट्यावर 1,350 किलो भरलं. ट्रॉलीला ब्रेक नाही. आजवर ट्रॅक्टरनं नेत होतो, आता चोर्ला घाट उतरून गोव्यातनंही कामं येताहेत. तीन जुन्या गाड्या बघितल्या : बेळगावातली बोलेरो, कोल्हापूर पासिंगची स्कॉर्पिओ आणि एक एक्सयूव्ही 500. स्कॉर्पिओला हुक आधीच बसवलेला आहे. कुठली घेऊ?

उत्तर : एक्सयूव्ही सोडून द्या. तिला वेगळी चासी नाही आणि बहुतेक मॉडेलांत ओढ पुढच्या चाकांवर असते. हुकावर वजन पडलं की पुढचं तोंड हलकं होतं. जांबोटीच्या पुढं पावसात चढावर चाकं जागच्या जागी फिरतील.

बोलेरोचे मागचे पाटे ओझं सोसतात, पण जुन्या 2523 सीसी इंजिनाची ताकद 63 एचपीच. 2.2 एमहॉक स्कॉर्पिओ 120 एचपीची, शिवाय अंगानं जड. उतारावर मागून रेटणारी ट्रॉली आवरायला ते जडपण कामाला येतं. माझा कौल स्कॉर्पिओला, पण त्या बसवलेल्या हुकाची खात्री पटली तरच.

उद्यमबागेत माझं गॅरेज होतं तेव्हा एका गाडीचा हुक बंपरच्या पट्टीला वेल्डिंग केलेला होता. मी वरवर बघून ‘चालतंय’ म्हटलं. वंटमुरी घाटात वेल्डिंग सुटलं, साखळी नव्हती, ट्रॉली सरळ गटारीत गेली. समोर कोण नव्हतं म्हणून निभावलं. ते ‘चालतंय’ मला अजून टोचतं.

म्हणून गाडी रॅम्पवर चढवा आणि खालून बघा. हुक चासीला बोल्टनं आवळलेला हवा. बोल्टांच्या भोकांभोवती तडा, गंज किंवा नवीन रंग दिसला तर तिथूनच माघारी या. मग क्लच : हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरवर क्लच हळूहळू सोडा, इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट संपली. चालवताना ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की मागून घुरघुर येत असेल तर डिफरन्शिअल (मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी गिअरपेटी) गेलं समजा. गाडीच्या मॅन्युअलात ओढायच्या वजनाची मर्यादा किती आहे तेही बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

जनरेटर ॲक्सलच्या किंचित पुढं सरकवा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा, नाहीतर वेगात ट्रॉली शेपटीगत हलते. दोन साखळ्या हुकाखालून एकमेकींवरून तिरक्या बांधा.

कोल्हापूरची गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथं नव्यानं नंबर घ्यायचा तर कर्नाटकाचा टॅक्सही भरावा लागतो. तो धरूनच बोलेरोशी तुलना करा. ट्रॉली कायद्यानं स्वतंत्र वाहन आहे, तिचं रजिस्ट्रेशन आणि विमा वेगळा लागतो.

राहिला ब्रेक. आता दोन्हींचं वजन एकट्या गाडीच्या ब्रेकवर येणार. लांब उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं. खालचा गिअर टाकला तरी एवढ्या वजनाला तो पुरत नाही. गाडीचा वेग कमी झाला की हुकाच्या रेट्यानं आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेक ट्रॉलीला बसवून घ्या. तोवर चोर्ल्याखालची ऑर्डर घेऊ नका; कणकुंबीपर्यंतच्या लग्नांना तुमचा ट्रॅक्टर आहेच की.