नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडच्या बुटीक हॉटेलात (छोटं, खास सजवलेलं हॉटेल) पहिल्यांदा जाताय ना?

शनिवार-रविवार टाळा, मुंबई-पुण्याची गर्दी असते. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा सीझन, तेव्हा जा. आणि पोचल्या पोचल्या जेवायला बसू नका हो, साडेचारलाच जा, आधी बागेतनं चक्कर मारा, लॉबी, अंगण निवांत बघा, कुठे आत जायचं नाही ते रिसेप्शनवर विचारा, टेबल मात्र आधीच फोन करून धरणाच्या बाजूचं मागा, मावळतीला पाण्यावर जो उजेड पडतो ना तो चुकवायचा नाही म्हणजे नाही. डिश एकेक मागवून मधे ठेवा, सगळ्यांनी वाटून खा. तिखट असेल तर सोबत गोडसर शेनिन ब्लां, म्हणजे व्हाइट वाइन घ्या, थंडगार, मस्त जुळते. गाडी चालवणाऱ्याने अजिबात घ्यायची नाही. बिलात टॅक्स वेगळा, तो धरूनच कॉन्ट्री काढा.