वडिलांची शेवरोले आणि आरसीशी न जुळणारे इंजिन

प्रश्न: आमची १९५३ ची शेवरोले शिवडीच्या कारखान्यात जोडलेली. वडिलांनी मूळ पेट्रोल इंजिन काढून जपानी डिझेल बसवले, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावले, वायरिंग बारा व्होल्टची केली. पत्र्याला हात लावला नाही. आता वडील नाहीत, आरसी त्यांच्याच नावावर आहे. जुने इंजिन गॅरेजमध्ये पडून आहे, भंगारवाला मागतोय. विंटेज नंबर, म्हणजे जुन्या गाड्यांची खास नोंदणी, मिळेल का? मुलीच्या लग्नात गाडी काढायची आहे.

उत्तर: ते इंजिन काहीही झाले तरी विकू नका. तुमची सगळी केस त्यावर उभी आहे. डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेला नंबर रॉकेलने पुसून वाचा आणि आरसीशी ताडून पाहा. जुळला, तर इंजिन उघडून दुरुस्त करून परत बसवा. बोअरिंग करणे (सिलिंडर आतून तासणे), पिस्टन बदलणे ही दुरुस्ती झाली, त्याला कायद्याची आडकाठी नाही.

इंजिन बदलणे मात्र वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदल वडिलांनी केला असल्याने ही शिक्षा तुम्हाला लावणे अवघड आहे, असे माझे मत. पण इंजिन जुळत नसताना ट्रान्सफर अडणारच.

म्हणून आधी इंजिन, मग गाडी नावावर करण्यासाठी वारस म्हणून फॉर्म ३१. त्याची मुदत मृत्यूपासून तीन महिन्यांची. ती टळली असेल तर उशिराचे शुल्क भरा, पण अर्ज कराच. दरम्यान डिस्क ब्रेकसह सर्व बदल विमा कंपनीला लेखी कळवा. लपवलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येतो.

विंटेज नंबराची घाई करू नका. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, चेसिस (खालचा सांगाडा), बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच पात्र ठरते. नव्या नोंदणीची फी वीस हजार. ब्रेक आणि वायरिंगबद्दल विंटेज गाड्या तपासणारी समिती काय म्हणेल ते तपासणीतच ठरेल. शिवाय तशी नोंदणी झाली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. लग्नाची वरात त्यात बसत नाही. तुम्हाला गाडी चालवायची आहे, तेव्हा साधी नोंदणीच टिकवा आणि मुदत संपण्याआधी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा.