वाचकांचे प्रश्न : हेडर नवे, लायब्ररी जुनी

प्रश्न : माझ्या ६४-बिट लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची १.१.१ ही आवृत्ती आधीपासून आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसाठी नवी आवृत्ती हवी म्हणून मी ओपनएसएसएल ३.० सोर्सपासून कंपाइल करून ‘ऑप्ट’ डिरेक्टरीत वेगळी बसवली आणि एनजिनएक्स कॉन्फिगर करताना तिच्या ‘इन्क्लूड’ व ‘लिब’ या दोन्ही डिरेक्टऱ्यांचे पाथ दिले. सर्व फाइली विनातक्रार कंपाइल होतात. मात्र शेवटी ‘एसएसएल_गेट१_पीअर_सर्टिफिकेट’ हे फंक्शन सापडत नाही, असे सांगून लिंकर (कंपाइल झालेले भाग आणि लायब्ररी जोडणारे साधन) थांबतो. जुनी आवृत्ती काढून टाकावी आणि तिच्या नावाची सॉफ्ट लिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी खूण) नव्या फाइलकडे वळवावी, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. तसे करावे का?

उत्तर : कृपया करू नये. सहकाऱ्याचा सल्ला एनजिनएक्सची अडचण सोडवण्याऐवजी बाकीच्या प्रोग्रामांना अडचणीत आणेल. १.१.१ वर लिंक झालेला प्रत्येक प्रोग्राम लायब्ररीचे केवळ नाव पाहत नाही, तर तिच्यातील फंक्शनांवर लावलेले आवृत्तीचे लेबलही तपासतो, ३.० च्या फाइलमध्ये जुने लेबल नसल्यामुळे, नावाची कितीही सोय केली तरी तो सुरू होण्यास नकार देतो. आपल्या यंत्रणेतील, दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर त्या प्रोग्रामांपैकी एक असला आणि आपण दुरून काम करत असलात, तर चालू सत्र बंद झाल्यावर परत आत शिरण्याची वाटच उरणार नाही.

आता मूळ बिघाडाकडे वळू. आपण ज्या फंक्शनचे नाव कळवले आहे, त्यातच निदान दडलेले आहे. ते नाव ३.० मध्ये प्रथम आले. एनजिनएक्सच्या सोर्समध्ये ‘१’ नसलेले जुनेच नाव लिहिलेले असते, पण ३.० चे हेडर (फंक्शनांची नावे कंपायलरला सांगणारी फाइल) ते मॅक्रोद्वारे, म्हणजे कंपाइल होण्याआधी लागू होणाऱ्या बदलाच्या नियमाने, नव्या नावात बदलते. याचा अर्थ कंपायलरने हेडर नव्या आवृत्तीचे वाचले आणि लिंकरने लायब्ररी मात्र जुनी उचलली. पाथ दिलेला असताना असे का व्हावे? ६४-बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या लिनक्सवर ओपनएसएसएल ३.० आपल्या लायब्ररी ‘लिब’मध्ये नव्हे, तर ‘लिब६४’ या डिरेक्टरीत ठेवते. दिलेल्या जागी काही सापडले नाही की लिंकर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो मुकाट्याने यंत्रणेच्या नेहमीच्या डिरेक्टऱ्यांत शोधतो आणि तिथली १.१.१ घेतो. (इतक्या महत्त्वाच्या जागी मौन पाळणारे हे साधन मला आजही खटकते.) म्हणून लिंकरच्या पर्यायात ‘लिब६४’चा पाथ द्यावा, आधीच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) पुसाव्यात आणि कॉन्फिगरपासून पुन्हा सुरुवात करावी.

एवढे केल्यावर एनजिनएक्स तयार होईल, पण बहुधा सुरू होणार नाही, कारण लिंकरला सांगितलेला पाथ प्रोग्राम चालवणाऱ्या लोडरला आपोआप कळत नाही. अनेक जण अशा वेळी ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ हे व्हेरिएबल टर्मिनलमध्ये सेट करतात; त्याने तात्पुरते काम भागते, परंतु सर्व्हर रीबूट झाल्यावर सेवा सुरू करणारी यंत्रणा सिस्टमडी जेव्हा एनजिनएक्स सुरू करते, तेव्हा ते व्हेरिएबल तिच्यापाशी नसते. त्यापेक्षा लिंक करतानाच ‘आरपाथ’ देऊन तो पाथ बायनरीतच, म्हणजे तयार प्रोग्रामच्या फाइलीतच, नोंदवून ठेवावा. मग नवी लायब्ररी फक्त एनजिनएक्सला दिसते आणि इतर प्रोग्राम आपापल्या जुन्या लायब्ररीसह सुखाने चालतात.

एनजिनएक्सच्या कॉन्फिगरला ओपनएसएसएलची सोर्स डिरेक्टरी देऊन ती लायब्ररी बायनरीतच सामावून घेण्याचाही पर्याय आहे. त्यात संघर्षाला जागाच राहत नाही. मात्र पुढच्या प्रत्येक सुरक्षा दुरुस्तीच्या वेळी एनजिनएक्स नव्याने कंपाइल करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला, तेव्हा ज्यांची लायब्ररी वेगळी होती त्यांना १.०.१जी ही दुरुस्त आवृत्ती बसवून सर्व्हर पुन्हा सुरू करणे पुरले, तर ती बायनरीत सामावलेल्यांना प्रत्येक बायनरी पुन्हा बांधावी लागली. म्हणून मी स्वतः आरपाथच पसंत करतो.

आपल्याला ३.० का हवी, हे पत्रात स्पष्ट झालेले नाही. ओपनएसएसएल प्रकल्पाने १.१.१ चा सार्वजनिक आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी थांबवला, हे कारण असेल तर आधी आपल्या डिस्ट्रिब्यूशनचा आधार अजून चालू आहे का ते पाहावे. चालू असल्यास सुरक्षा दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत घातल्या जातात, आणि मग हा खटाटोप अनावश्यकही ठरू शकेल.

काम झाल्यावर ‘एलडीडी’ने (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी वापरतो ते दाखवणाऱ्या साधनाने) एनजिनएक्सची बायनरी तपासावी, एसएसएल आणि क्रिप्टो या दोन्ही लायब्ररींसमोर आपल्या ‘ऑप्ट’मधलाच पाथ दिसला पाहिजे. शिवाय एनजिनएक्सला कॅपिटल ‘व्ही’चा पर्याय दिल्यास, कंपाइल करतानाची ओपनएसएसएल आणि प्रत्यक्ष चालणारी ओपनएसएसएल वेगळी असल्यास तो दोन्ही आवृत्त्या छापतो. तिथे एकच आवृत्ती दिसली, तर जुने एनजिनएक्स थांबवून नवे सुरू करण्यास हरकत नाही.